मध कुणाच्या हातचा?

आमच्या गावात आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं. आमच्या हातचा मध चालत होता.

आबा, म्हणजे माझा बाप, मव्हाळ झाडण्यात पटाईत. अमावास्येच्या काळोखात कड्यावरनं दोर सोडायचा, कमरेला पत्र्याचा डबा, हातात ओल्या पाल्याची धुरी. खाली आम्ही पोरं तोंडातनं शब्द न काढता उभी. आग्या मव्हाळ म्हंजे गंमत न्हाय. शे-दोनशे डंख बसले तर गडी उठत न्हाय, आन् कड्यावर हात सुटला तर डंखाचीबी गरज न्हाय. सकाळी पोळं फडक्यात घालून आबा दोन्ही हातांनी पिळायचा. बोटांतनं मनगटावर, मनगटावरनं कोपराला मध ओघळायचा. मग तांब्या भरून पाटलाच्या वाड्यापाशी न्यायचा आणि पायरीच्या खाली ठेवायचा. तिथनं तो तांब्या वर जायचा. श्रावणी सोमवारी तोच मध दूध, दही, तूप, साखरेच्या संगतीनं पंचामृत होऊन पिंडीवर ओतला जायचा. आबाच्या कोपरावरनं ओघळलेला मध देवाच्या डोक्यावरनं ओघळायचा, आणि आबाला देवळाच्या पायरीला पाय लावायची परवानगी नव्हती. बदल्यात पायलीभर नाचणी. कधी तीही नाही. ‘रानाचाच तर हाय, तुज्या घरचं काय गेलं?’

शहरात आलो, चळवळीत पडलो, वाचायला लागलो, तेव्हा उलगडा झाला. मनुस्मृतीत तशी सोयच करून ठेवलीय. कुणाकडूनही घ्यायला हरकत नाही अशा वस्तूंची यादी चौथ्या अध्यायात आहे. सरपण, पाणी, कंदमुळं, फळं आणि मध. यादीत पाणीसुद्धा आहे बघा. पाण्याच्या बाबतीत आमच्या गावानं मनूच्याही पुढं मजल मारली होती. आणि दहाव्या अध्यायात, अडचणीच्या काळात ब्राह्मणानं व्यापार केला तरी कोणत्या वस्तू विकू नयेत हे सांगितलंय, त्यातही मध आहे. म्हणजे घ्यायचा कुणाकडूनही, विकायचा मात्र दुसऱ्या कुणीतरी. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या परिषदेत तो ग्रंथ जाळला, त्यात ही यादीही जळाली असं मी समजत होतो.

मग एक दिवस दुकानात बाटली बघितली. सोनेरी झाकण, फुलाचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत ‘शुद्ध’.

दोस्तहो, शुद्ध हा शब्द दिसला की माझे कान उभे राहतात. आपल्या किती पिढ्यांनी या शब्दाचा मार खाल्लाय. त्या बाटलीवर फूल होतं, माशी होती, कंपनीचा पत्ता होता. मध काढणाऱ्या माणसाचा पत्ता नव्हता. तो कड्यावर चढला की पेटी उघडली, त्याला किलोला काय मिळालं, काही नाही.

या शुद्धतेची कथा ऐका. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं बाजारातल्या तेरा ब्रँडांचे नमुने तपासून घेतले. आपल्याकडच्या ठरलेल्या चाचण्यांत बहुतेक नामवंत पास. मग तेच नमुने जर्मनीतल्या प्रयोगशाळेत एनएमआर नावाच्या चाचणीला लावले, तेव्हा सगळ्या चाचण्या मिळून टिकले ते तेरापैकी तीन. बाकीच्यांत साखरेचा पाक, आणि तोही असा बनवलेला की साध्या चाचणीच्या डोळ्यात धूळ फेकावी. कंपन्यांनी आरोप नाकारले, हे सांगितलं पाहिजे. पण निर्यातीच्या मधाला ही चाचणी १ ऑगस्ट २०२० पासून सक्तीची झाली होती आणि इथल्या माणसाच्या मधाला तेव्हा ती नव्हती, हेही सांगितलं पाहिजे.

आता गंमत बघा. ही बाटली बिनबोभाट घरात घेणारा माणूस, दारात कातकरी किंवा पारधी बाई मधाची बादली घेऊन आली की वॉचमनला हाका मारतो. ‘गुळाचं पाणी असतं हो यांचं.’ असतंही कधी कधी. बादलीत पाक आणि वर पोळ्याचा तुकडा तरंगत ठेवलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. पोटाला लागलेला माणूस करतो तसलं. पण बादलीवाल्या एकीनं फसवलं तर तिची अख्खी जमात चोर, आणि तेरातले दहा नापास झाले तरी बाटलीची जात शुद्धच. हा हिशेब कुठून येतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

या संशयातनंच ते घरगुती प्रयोग निघालेत. थेंब पाण्यात टाका, तळाला गेला पाहिजे. काडी बुडवून पेटवा. कुत्रं तोंड लावत नाही. यातल्या एकानंही काही सिद्ध होत नाही. घट्ट पाकाचा थेंबही तळाला जातो. मध थंडीत रवाळ झाला, गोठला, की लोक बाटली परत आणून आपटतात, ‘साखर घातलीय’ म्हणून. अरे, मधात ग्लुकोज असतं, ते गोठतं. कोमट पाण्यात बाटली उभी ठेवा, पातळ होईल. विस्तवावर चढवू नका. आणि एक महत्त्वाचं, आपल्या वस्तीत अजून होतं म्हणून सांगतो. जन्मलेल्या पोराला मधाचं बोट चाटवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही, कितीही अस्सल असला तरी. त्यात क्वचित असे जंतू असतात की मोठ्यांना काही होत नाही, पण तान्ह्या पोराच्या जिवावर बेतू शकतं.

मग खरा मध ओळखायचा कसा? माणूस ओळखायचा. दुसरा सोपा रस्ता निदान मला तरी सापडलेला नाही. म्हणून आता माझ्या चुलतभावाची गोष्ट सांगतो.

दादा गावीच राहिला. आबाचं मव्हाळ झाडणं त्यानं लहानपणी बघितलं होतं, पण तो कड्यावर गेला नाही, पेट्यांकडं गेला. आमच्या साताऱ्याच्या डोंगरात पेट्यांचा धंदा जुना. महाबळेश्वरात मध संचालनालय आहे, मधपाळांची सहकारी सोसायटी आहे, आणि मे २०२२ मध्ये तिथलं मांघर हे ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. पुढं कोल्हापूरकडच्या भुदरगडातलं पाटगावही त्या वाटेनं गेलं. दादाचं गाव कुठंच जाहीर झालेलं नाही. सरकारी योजनेत निम्मं अनुदान, निम्मे पदरचे, असं करून त्यानं पेट्या घेतल्या, प्रशिक्षण घेतलं. आज सोळा पेट्या आहेत.

सातेरी माशी पाळतो तो. आग्या पाळता येत नाही, ती उघड्यावर एकच मोठं पोळं लटकवते. सातेरी अंधारात, ढोलीत, एकापुढं एक पोळी बांधते, म्हणून पेटीत राहते. परदेशी मेलिफेरा माशी भारतात १९६२ नंतर रुजली. ती मध सातेरीच्या कितीतरी पट देते, पण तिचे मालक ट्रकमधनं पेट्या घेऊन मोहरीच्या, सूर्यफुलाच्या मागं राज्यं ओलांडतात. त्याला भांडवल लागतं. सातेरीची पेटी वर्षाला पाच किलो, साल बरं गेलं तर आठ. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड नावाचा विषाणूचा रोग आला, तेव्हा दक्षिण भारतात सातेरीच्या पेट्याच्या पेट्या ओस पडल्या होत्या. तरी ही माशी टिकली, ती रानात आणि असल्या छोट्या पाळणाऱ्यांच्या परसात.

काम बघायचं असेल तर दादाबरोबर एक दिवस काढा. पेटीच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्या चढू नयेत म्हणून. खाली पिलावा, म्हणजे अंडी-अळ्यांची कोठी, वर मधाची कोठी. मधाच्या चौकटी तेवढ्या काढायच्या आणि यंत्रात घालून फिरवायच्या. मध उडून भिंतीला लागतो आणि खाली उतरतो. पोळं शाबूत राहतं, पिलं शाबूत राहतात, चौकट परत जागेवर. आबाच्या पिळण्यात पोळंही जायचं, पिलंही जायची. फुलातला रस पाण्यासारखा पातळ असतो. माशा पंखांनी वारा घालून घालून त्यातलं पाणी उडवतात, पुरता आटला की वर मेणाचं झाकण बसवतात. दादाचा नियम एकच, ‘झाकान बसल्याबिगर चौकट उचलायची न्हाय.’ व्यापारी घाई करतो. त्याला कच्चा मध चालतो, त्याच्याकडं आटवायची सोय असते. हंगामातली कामकरी माशी सहा आठवडे जगते आणि तेवढ्या जन्मात तिच्याकडनं चमचाभरही मध होत नाही. तिच्या मुकादमानं घाई करावी म्हणजे काय ते समजा.

पावसाळ्यात उलटं. आमच्याकडं जून ते ऑगस्ट आभाळ फाटलेलं असतं, माशीला बाहेर पडता येत नाही. तेव्हा दादा साखरेचा पाक करून पेटीत ठेवतो, नाहीतर वसाहत उपाशी मरेल. एकदा पुण्याचं एक गिऱ्हाईक हे बघून भडकलं. ‘म्हणजे तुम्हीच साखर घालता!’ दादा शांत माणूस. म्हणाला, ‘सायेब, दुष्काळात सरकारनं मिलो घातला, म्हनून आपून काय मिलोची झालो व्हय? ह्या दिसांत मी मध काडत न्हाय. मध काडायचा त्यो फुलाचा.’

आणि फुलाचा म्हणजे प्रत्येक फुलाचा वेगळा. जांभळाचा वेगळा, गेळ्याचा, हिरड्याचा वेगळा. कारवी तर सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, डोंगर जांभळा होतो, आणि तिचा मध गडद, दाट. या कारवीची दखल सरकारी कागदालाही घ्यावी लागलीय. भारताच्या मधाच्या मानकात सुक्रोज साखर शंभरात पाच भागांपेक्षा जास्त चालत नाही, पण कारवीच्या मधाला दहापर्यंत मुभा आहे, कारण तिचा मध मुळातच तसा. बाटलीतला मध बारा महिने एकाच रंगाचा, एकाच चवीचा असतो, तेव्हा कुठल्या रानात तसलं एकसुरी फूल फुलतं ते मला कुणी दाखवावं.

दादानं हाच धंदा का धरला, ते त्याच्याच तोंडचं सांगतो. ‘माशीला सातबारा लागत न्हाय.’

आमच्या घराण्याच्या नावावर जमीन नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांचा देशभर सत्याग्रह केला, तेव्हा आबाच्या पिढीतले लोक तुरुंगात गेले, आमच्या वाट्याला तरी काही आलं नाही. पण माशी बांध बघत नाही. पाटलाच्या कांद्याच्या फुलावर बसते, सरपंचाच्या आंब्यावर बसते आणि संध्याकाळी दादाच्या पेटीत येते. भूमिहीन माणसाला मालकाच्या शेतातलं काहीतरी न विचारता, न वाकता घरी आणता येतं, असा दुसरा धंदा मला माहीत नाही. बरं, ही चोरी नव्हे. उलट माशी बसली म्हणून फळ धरतं, बी भरतं. हिमाचलात सफरचंदाचे बागवाले फुलोऱ्यात पेट्या भाड्यानं आणतात, आपल्याकडं डाळिंबवालेही आणतात. आमच्या गावात भाडं कोण देतो? पूर्वी आम्ही राबायचो आणि बलुतं मिळायचं. आता दादाच्या माशा राबतात आणि बलुतंही नाही. वर फुलं उमललेली असताना भर सकाळी औषध फवारतात. पेटीच्या तोंडाशी माशांचा सडा पडतो. ‘सांजंला मारा की, माशा घरी गेल्यावर,’ एवढंच दादा मागतो. तेवढं ऐकायलाही दोन वर्षं लागली.

सातबारा लागत नाही, हेही पुरतं खरं नाही. एकट्या मधपाळाला योजनेत जमिनीची अट नाही. पण पुढची पायरी चढायची, केंद्रचालक व्हायचं, दुसऱ्यांना शिकवायचं, तर दहावी पास पाहिजे आणि घरच्या कुणाच्या तरी नावावर किंवा भाड्यानं घेतलेली किमान एक एकर शेतजमीन पाहिजे. दादा दहावी पास आहे. एका बागायतदारानं एकर दिला, तोंडी. कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा, ‘तुमच्या लोकांना कागद दिला की पुढं भानगडी होतात.’ झालं. पायरी पुन्हा आडवी आली, आणि या वेळी तर तांब्याही वर गेला नाही.

आता पैशाचं बोलू. आपल्या लेखांत पैशाचं फार कमी असतं. सोळा पेट्या, सरासरी पाच किलो, म्हणजे ऐंशी किलो. व्यापारी किलोला साडेतीनशे देतो आणि पर्यटकांच्या दुकानात तोच मध दुसऱ्याच्या लेबलाखाली सातशेला जातो. व्यापाऱ्याला दिला तर वर्षाचे अठ्ठावीस हजार. माणसानं थेट माणसाकडनं सहाशेनं घेतला तर अठ्ठेचाळीस. मधले वीस हजार म्हणजे माझ्या पुतणीच्या नर्सिंगच्या कोर्सच्या फीचा मोठा हिस्सा. गेल्या दिवाळीत दादा मला म्हणाला, ‘तुज्या वळखीनं कुटं शिकुरिटीत लाव. पेट्या इकतो.’ बारा तास उभं राहून दुसऱ्याचं गेट उघडायचं. वहिनी चुलीपुढं बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘पेट्या इकल्या की माशा कुनाच्या दारात जातील, त्येबी सांगा.’ कुणी उत्तर दिलं नाही.

तेव्हापासून मी मध विकतो. पिंपरीत कारखान्यात तीस वर्षं काढली, ओळखी आहेत. यष्टीच्या टपावरनं डबे येतात, विहारापाशी रविवारी वाटप होतं. अभ्यासवर्गातल्या एका तरुण कार्यकर्त्यानं मला तोंडावर विचारलं, ‘काका, अॅट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, आणि तुम्ही मधाच्या बाटल्या काय विकता?’ पोरगं चांगलं आहे, प्रश्नही चांगला आहे. मी त्याला विचारलं, गावात आपल्या लोकांवर बहिष्कार पडतो तेव्हा पहिल्यांदा काय बंद होतं? मजुरी. मग दुकान, मग गिरणीतलं दळण. साक्षीदार फुटतो तो बहुतेक वेळा पोटासाठी फुटतो. ज्याच्या घरी गावाच्या हातात नसलेले चार पैसे येतात, तो कोर्टात उभा राहायची शक्यता जास्त. माशीची मजुरी गावाला बंद करता येत नाही. पोरगं म्हणालं, ‘पेट्या जाळता येतात की.’ येतात. म्हणून तर गावाबाहेर दादाला ओळखणारी पाचपन्नास माणसं पाहिजेत, जी दुसऱ्या दिवशी विचारतील की मध का आला नाही.

हे एकट्या दादाचं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत मध नावानिशी आहे. म्हणजे रानातला मध गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाचा आहे, फॉरेस्टवाल्याची मेहरबानी नाही. मेळघाटातल्या कोरकूंनी आग्याच्या पोळ्यातला मधाचा भाग तेवढा कापायचा, पिलावा ठेवायचा, माशी जाळायची नाही, अशी पद्धत शिकून घेतलीय. त्यांचा मध तुमच्या जिल्ह्याच्या गावी येत असेल तर तो घ्या. कातकऱ्याचा घ्या. दारात आलेल्या बाईला आधी बसायला सांगा, मग विचारा, कुठल्या रानातला, कुठल्या फुलाचा, कधी काढला. जिनं काढलाय ती सांगेलच, आणि न विचारलेलंही सांगेल. घासाघीस करू नका. दुकानात छापील किमतीला आपण कधी ‘दहा कमी करा’ म्हणतो का?

बाटलीवर नाव कुणाचं टाकायचं, यावर आमच्यात वाद झाला. तरुणांचं म्हणणं, चळवळीचं नाव टाकू, निळं लेबल करू. मी नको म्हणालो. आबानं जन्मभर मध काढला आणि तो पाटलाचा मध म्हणून देवळात गेला. आता दादाचा मध निघेल तो दादाच्या नावानं, वहिनींच्या नावानं, वाडीच्या नावानं. छोट्या उत्पादकाला अन्न खात्याचा मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते, ती करून घेतलीय. लेबल साधं आहे, वर दोघांची नावं, खाली फूल आणि महिना. ‘शुद्ध’ हा शब्द घातलेला नाही. छापणारा दोनदा विचारत होता, राहिला का म्हणून.

यंदा जांभूळ जरा मागं आहे. १४ एप्रिलच्या आधी एखादा डबा निघेल, बाकीचा मे उजाडल्यावर. किलोला सहाशे, निम्मे पैसे आगाऊ, कारण मेणकिड्यानं खाल्लेल्या चौकटी त्याला आत्ताच बदलायच्यात. बाटली ज्यानं त्यानं आणायची, काचेची, धुऊन उन्हात वाळवलेली. पाण्याचा थेंब राहिला तर मध फसफसतो. लेबल इथं लावून देऊ. नावं रविवारी विहारापाशी माझ्याकडं द्यावीत. आतापर्यंत एकवीस झालीत.